स्वच्छ आलेखात हरवणारा वण

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडली आणि तो पुरवठा वेळेत पूर्ववत झाला नाही, तर त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायूचा भाग मरतो आणि पुढील काही आठवड्यांत त्याच्या जागी कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंची ऊती भरून येते. हाच हृदयस्नायूवरील वण होय. वण आकुंचन पावत नाही आणि विद्युतप्रवाह पुढे नेत नाही. त्यातल्या पहिल्या उणिवेमुळे हृदयाची रक्त फेकण्याची ताकद घटते, तर दुसरीमुळे, विशेषतः वणाच्या कडेला जिवंत राहिलेल्या तुरळक पेशींमुळे, ठोक्यांच्या लयीत अकस्मात आणि कधी कधी जीवघेणा बिघाड उद्भवतो. शरीराच्या पृष्ठभागावर टेकवलेल्या धातूच्या चकत्यांवरून मिळणाऱ्या क्षीण विद्युत नोंदींतून, म्हणजे ईसीजीतून, हा वण शोधणे हे मूलतः जे उमटले नाही त्याचा आणि जे उशिरा उमटले त्याचा माग काढण्याचे काम आहे. वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांच्या अनुभवाकडे पाहिले असता असे दिसते, की या शोधातील बहुतेक अडचणी आलेखाच्या वाचनात नसून आलेख कागदावर येण्याआधीच्या काही मिनिटांत असतात.

या कामाची जिल्ह्यातील मांडणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० मधले, आणि त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. याशिवाय वर्धा शहरातील जिल्हा सामान्य रुग्णालय आणि आर्वी, हिंगणघाट, पुलगाव अशा ठिकाणची लहानमोठी रुग्णालये यांतून रोज ईसीजी काढले जातात. वण नेमका दाखवणारी तपासणी म्हणजे गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन काही मिनिटांनी केलेला हृदयाचा एमआरआय. या द्रव्याचा निचरा वणातून सावकाश होत असल्याने वण त्यात उजळ दिसतो. मात्र आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील शेतमजुराच्या वाट्याला ती तपासणी क्वचितच येते. त्याच्या हृदयाबद्दल जे काही कळणार असते, ते प्रथम ईसीजीच्या कागदी पट्टीवर कळते.

आलेखाचा कागद चौकटींचा असतो. तो सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो, त्यामुळे एक मिलिमीटरची लहान चौकट आडवी मोजल्यास ०.०४ सेकंद दाखवते आणि उभी मोजल्यास ०.१ मिलिव्होल्ट. दोन्ही निलये, म्हणजे हृदयाचे रक्त बाहेर फेकणारे खालचे कप्पे, विद्युतदृष्ट्या उत्तेजित होतात तेव्हा क्यूआरएस हे टोकदार संकुल उमटते आणि निरोगी हृदयात ते साधारणपणे ०.१ सेकंदाच्या आत, म्हणजे अडीच लहान चौकटींत आटोपते. विद्युतलहर एखाद्या चकतीकडे येत असेल तर रेषा वर उचलली जाते, दूर जात असेल तर खाली उतरते. निरोगी हृदयात प्रत्येक भिंतीची लहर तिच्यासमोरच्या चकतीकडे येत असते, परंतु ती भिंत मेली असेल तर चकतीला त्या भिंतीपलीकडच्या, समोरच्या भिंतीतून दूर जाणारी लहर तेवढी जाणवते आणि संकुलाच्या आरंभीच रेषा खोल खाली जाते. हाच तो प्रसिद्ध क्यू तरंग. फ्रँक विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मृत भागाला विद्युतदृष्ट्या उघडी खिडकी मानले होते, आणि ही कल्पना अपुरी असली तरी ती आजही विद्यार्थ्यांना प्रथम शिकवली जाते.

ती अपुरी का, हेही समजून घेण्यासारखे आहे. क्यू तरंग संकुलाच्या पहिल्या ०.०४ सेकंदात उत्तेजित होणाऱ्या भागांबद्दलच बोलतो. डाव्या निलयाची मागची आणि तळाकडची भिंत सर्वांत शेवटी उत्तेजित होते, त्यामुळे तेथे मोठा वण असला तरी क्यू उमटत नाही. उलट छातीच्या पुढील चकत्यांत आर तरंग, म्हणजे संकुलातील वर उचललेले टोक, अकारण उंच झालेला दिसतो, आणि तो पाहण्याची सवय नसलेल्याच्या नजरेतून सहज सुटतो. शिवाय रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे मरत जातो, हे १९७० च्या दशकात रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. वेळेत गुठळी विरघळली तर आतला पातळ थर तेवढा मरतो, आणि अशा वणाची नोंद क्यूच्या रूपाने होईलच असे नाही. १९८० च्या दशकापासून स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध वापरात आल्यावर असे अर्धवट वाचलेले स्नायू वाढले आणि जुन्या खुणेचे महत्त्व त्याच प्रमाणात घटले.

या विद्येचा इतिहास वर्ध्याला अगदीच परका नाही. विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचे विद्युतमापक बनवून पहिले विश्वासार्ह आलेख काढले आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे आलेख हातापायांच्या तीन जोडण्यांचे, म्हणजे हृदयाकडे तीन बाजूंनी पाहणाऱ्या नोंदींचे होते. छातीवरील सहा जागांना प्रमाणरूप मिळाले ते १९३८ मध्ये. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला, म्हणजे त्या वेळच्या शेगावला राहत होते, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रकृतीविषयक नोंदींमध्ये त्या दशकाच्या उत्तरार्धातील ईसीजीचाही समावेश आहे. तो काळ छातीच्या जोडण्या रुळण्याचा होता, आणि हृदयाची पुढची भिंत, जिथे मोठे वण सर्वाधिक पडतात, ती हातापायांच्या जोडण्यांना फारशी दिसतच नाही. आजचा वाचक त्या काळचे आलेख पाहतो तेव्हा त्यांत काय नाही यापेक्षा त्यांत काय दिसणे शक्यच नव्हते, याचा विचार त्याला आधी करावा लागतो. हीच सवय त्याला आजच्या आलेखांबाबतही ठेवावी लागते, आणि ती ठेवणे अधिक कठीण असते, कारण आजचा आलेख बारा जोडण्यांचा, नीटनेटका आणि वर छापील निदानासह येतो.

या नीटनेटकेपणाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. मे महिन्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. रुग्ण एसटीने किंवा दुचाकीच्या मागे बसून आलेला असतो, अंग घामाने भिजलेले असते, खोलीत कूलरची मोटर चालू असते. घामामुळे रबरी फुग्याने छातीला चिकटवलेली धातूची वाटी सरकते आणि रेषा वरखाली तरंगू लागते. कूलर आणि सदोष अर्थिंग यांमुळे ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा, विजेच्या तारांतील कंप रेषेवर चढतो. आणि पलंगावर अवघडून पडलेल्या, धास्तावलेल्या माणसाचे खांदे व दंडाचे स्नायू स्वतःचे बारीक विद्युतस्फुरण त्यात मिसळतात. थंडीत कुडकुडण्याने हेच घडते. अशी केसाळ रेषा वरिष्ठांना आवडत नाही, रुग्णाच्या नातेवाइकांनाही ती संशयास्पद वाटते, आणि गर्दीच्या ओपीडीत दुसऱ्यांदा आलेख काढायला वेळ नसतो. मग तंत्रज्ञ यंत्रावरील एक कळ दाबतो आणि रेषा क्षणात तुळतुळीत होते.

ती कळ गाळणीची असते. गाळणी म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वरचे किंवा खालचे संकेत अडवणारी इलेक्ट्रॉनिक वा संगणकीय व्यवस्था. प्रौढांच्या निदानासाठीच्या ईसीजीत वरची मर्यादा १५० हर्ट्झ असावी, अशी अमेरिकी हृदयविज्ञान संघटनांची २००७ ची शिफारस आहे. ‘स्नायू-गाळणी’ची ही कळ ती मर्यादा ४०, ३५ किंवा काही यंत्रांत २५ हर्ट्झपर्यंत खाली आणते. लयीचे निदान करण्यापुरते हे चालून जाते. पण वणाची सर्वांत नाजूक खूण नेमकी याच अडवलेल्या पट्ट्यात असते. वणाच्या भागात सगळ्याच पेशी मेलेल्या नसतात. कोलॅजेनच्या पट्ट्यांमधून जिवंत पेशींचे अरुंद धागे उरलेले असतात आणि कपाशीच्या सरीतले पाणी ढेकळांना वळसे घालत पुढच्या रोपापर्यंत उशिरा पोचावे, तशी विद्युतलहर त्या धाग्यांतून नागमोडी वाट काढत पुढे सरकते. या अडखळण्यामुळे क्यूआरएस संकुलाच्या गुळगुळीत उतारावर बारीक खाचा, दाते किंवा एखादे अधिकचे टोक उमटते. याला खंडित क्यूआरएस म्हणतात. हे दाते काही हजारांश सेकंदांचे असल्याने ते ४० हर्ट्झच्या वरच्या संकेतांतूनच घडलेले असतात, आणि स्नायूंच्या स्फुरणाबरोबर गाळणी त्यांनाही पुसून टाकते.

या खुणेला मान मिळाला तो इंडियाना विद्यापीठातील डॉ. मिथिलेश दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ मधील ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकातील अभ्यासामुळे. किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने स्नायूचा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या तपासणीशी ४७९ रुग्णांचे आलेख ताडून पाहिले असता क्यू तरंगाने सुमारे ३६ टक्के वण पकडले, तर खंडित क्यूआरएसने सुमारे ८६ टक्के. मात्र क्यू असेल तर वण असण्याची खात्री जवळजवळ पूर्ण होती आणि खंडित संकुलाबाबत ती थोडी कमी होती. पुढील काळात इतरत्र झालेल्या अभ्यासांत इतका ठळक फरक नेहमी आढळला नाही, आणि निरोगी माणसांतही एखाद्या जोडणीत खाच असू शकते. म्हणून एकाच धमनीच्या क्षेत्रातील किमान दोन शेजारच्या जोडण्यांत ती असल्याशिवाय तिला अर्थ देत नाहीत. तरीही एक गोष्ट उरते, ती अशी की दास यांच्या आलेखांतील गाळणीची वरची मर्यादा ४० हर्ट्झपेक्षा बरीच वर होती. एखाद्या ग्रामीण रुग्णालयातील तुळतुळीत पट्टीवर खाच नाही, म्हणून वण नाही, असे म्हणणे त्या अभ्यासाच्या आधारे शक्य नाही. यामुळे अनुभवी वाचकाची नजर पट्टी हातात येताच प्रथम तिच्या खालच्या कोपऱ्याकडे जाते, जिथे गती, उंचीचे प्रमाण आणि गाळणीची मर्यादा बारीक अक्षरांत छापलेली असते. आणि नवख्या निवासी डॉक्टरला तीच ओळ वाचायला शिकवणे हे अनेक पाठांपेक्षा मोलाचे ठरते.

चकत्यांच्या जागा हा असाच दुसरा विषय. छातीवरील पहिल्या दोन चकत्या उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना चौथ्या बरगडीखालच्या जागेत लावायच्या असतात, पण बरगड्या मोजण्याऐवजी अंदाजाने लावल्या की त्या हमखास एक-दोन जागा वर जातात. तेथून पाहिल्यास आर तरंग बारीक दिसतो किंवा नाहीसाच होतो आणि पुढच्या भिंतीवर नसलेला वण कागदावर उमटतो. स्त्रियांच्या बाबतीत संकोच हा आणखी एक घटक आहे, आणि त्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही: पडदा नसलेल्या खोलीत, पुरुष तंत्रज्ञासमोर, पोलक्याची दोन बटणे काढून घेतलेला आलेख हा पडद्यामागे सिस्टरने घेतलेल्या आलेखासारखा असू शकत नाही. चकत्या मग सोयीच्या जागी बसतात आणि त्यांची नोंद सोयीची राहत नाही. याखेरीज जेल सढळ हाताने एका पट्ट्यात फासले गेले, की शेजारच्या चकत्या विद्युतदृष्ट्या एकमेकींना जोडल्या जातात आणि छातीच्या सहाही जोडण्यांतील आकृत्या सारख्याच दिसू लागतात, हा प्रकार पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नसला तरी प्रत्यक्षात वारंवार भेटतो.

अशा आलेखावर यंत्र स्वतःचे निदान छापते. इंग्रजीतील त्या ओळीचा आशय बहुधा असा असतो, की हृदयाच्या पुढच्या भिंतीत स्नायूमृत्यू झालेला आहे आणि त्याचे वय ठरवता येत नाही. कॉलेजात शिकणारा मुलगा ती ओळ वडिलांना वाचून दाखवतो आणि घरात धावपळ सुरू होते. सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील नागपूरला नेण्यासाठी गाडी ठरते, कुणाकडून तरी पैसे उसने घेतले जातात. बिडी किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे फुगलेली असतील तर हृदय छातीत उभे व खाली सरकते आणि केवळ तेवढ्याने आर तरंग लहान होतो. जुन्या उच्च रक्तदाबाने जाड झालेले निलयही अशीच फसवी आकृती देते. उलट दिशेची चूक अधिक गंभीर असते. निलयाच्या डाव्या विद्युतशाखेत अडथळा असेल तर उत्तेजनाचा क्रमच उलटतो आणि खरा क्यू लपून जातो; अशा आलेखात एस तरंगाच्या, म्हणजे आरनंतर खाली जाणाऱ्या टोकाच्या, चढत्या बाजूवरील खाच वणाचा संकेत देते, हे काब्रेरा या मेक्सिकन तज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे लक्षण आहे, पण ते असल्यास उपयोगी, नसल्यास निरर्थक. आणि काही रुग्णांत क्यू काही वर्षांनी आपोआप पुसट होतो, वण मात्र जागच्या जागी असतो.

या सगळ्यातून वाट काढण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे त्याच माणसाचा जुना आलेख. पूर्वी नसलेली खाच आता आहे, पूर्वी उंच असलेला आर आता खुजा आहे, एवढे कळले तरी निम्मा वाद मिटतो. मधुमेहींमध्ये तर झटका कळ न येताच येऊन जाऊ शकतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीत सुमारे चौथा हिस्सा झटके केवळ नेहमीच्या ईसीजीवरूनच उघडकीस आले होते. आणि कळ आली तरी विदर्भात ती ‘गॅस झाला’ म्हणून सोड्यावर निभावली जाते, हे तेथील प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणी अभ्यासात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटे होता; सहा तासांत स्नायूचा बराच भाग गेलेला असतो. ‘इंटरहार्ट’ या २००४ मधील अभ्यासानुसार दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरीने वयाच्या ५३ व्या वर्षी येतो, इतर प्रदेशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी. म्हणजे वण घेऊन जगायची वर्षे येथे अधिक आणि त्या वर्षांची कागदपत्रे कमी.

कागदपत्रांची कथाही पाहण्यासारखी आहे. विदर्भातील रुग्ण आपली सर्व कागदे प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन येतो आणि त्यात डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, लॅबचे रिपोर्ट यांच्या मध्ये घडी घातलेली ईसीजीची पट्टी असते. ती उष्णतेने काळा पडणाऱ्या रासायनिक थराच्या कागदावर छापलेली असल्याने उन्हाळ्यात, आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या सान्निध्यात त्याहून लवकर, फिकी होते. जी कुटुंबे अधिक काळजीची असतात ती पट्टी लॅमिनेट करून घेतात आणि त्या उष्णतेने सबंध पट्टी काळीठिक्कर होते. ज्याने कार्बनची साधी झेरॉक्स काढून ठेवली, त्याचाच आलेख दहा वर्षांनी वाचता येतो. अलीकडे मोबाइलवर काढलेला फोटो हा चांगला पर्याय झाला आहे, परंतु वाकड्या कोनातून काढलेल्या फोटोत चौकटी तिरप्या होतात आणि ०.०३ व ०.०४ सेकंदांतील फरक मोजणे शक्य राहत नाही.

कागदावर न दिसणारे संकेत पकडण्याचे प्रयत्नही झाले. १९८१ मध्ये मायकेल सिमसन यांनी शेकडो ठोके एकावर एक रचून त्यांची सरासरी काढण्याची पद्धत रूढ केली. खरा संकेत दर ठोक्याला सारखाच असतो आणि गोंगाट दर वेळी वेगळा, म्हणून २५६ ठोके घेतले तर गोंगाट वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सोळाव्या हिश्शापर्यंत उतरतो. क्यूआरएस संपल्यावरही वणातील धाग्यांतून उशिरा रेंगाळणारे काही मायक्रोव्होल्टचे संकेत त्यात दिसतात. साध्या पट्टीवर एक मिलिमीटर म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट असल्याने ते रेषेच्या जाडीतच बुडालेले असतात. पद्धत सुंदर होती. परंतु या तपासणीत दोष आढळलेल्या आणि बायपास शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांत झटका देऊन लय सावरणारे यंत्र बसवण्याचा जो मोठा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात यंत्राने मृत्यू कमी झाले नाहीत, आणि त्यानंतर ही तपासणी मागे पडली. आज ती जिल्ह्याच्या पातळीवर जवळपास अपरिचित आहे.

लयीचा बिघाड वारंवार होत असेल तर मांडीच्या रक्तवाहिनीतून तार हृदयात नेऊन आतील भिंतीवर जागोजागी विद्युतदाब मोजला जातो आणि त्याचा रंगीत नकाशा संगणकावर उभा राहतो. दोन जवळच्या टोकांमधील दाब १.५ मिलिव्होल्टपेक्षा अधिक असेल तर स्नायू निरोगी, ०.५ पेक्षा कमी असेल तर दाट वण, आणि मधला भाग सीमाप्रदेश, अशी मार्चलिन्स्की यांच्या गटाने २००० मध्ये मांडलेली विभागणी अजून वापरात आहे. पण टोकांमधील अंतर बदलले, तारेचा कोन बदलला किंवा ती भिंतीला नीट टेकली नाही तरी आकडा बदलतो, त्यामुळे हृदयाच्या आत शिरल्यावरही चकती कशी लावली हा ओपीडीतला प्रश्न सुटत नाही.

विदर्भाच्या संदर्भात आणखी दोन आजारांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पहिला सिकलसेलचा. या भागात आढळणाऱ्या या आनुवंशिक आजारात हृदयाच्या स्नायूत एका जागी वण न पडता सर्वत्र बारीक तंतुमयता पसरते. क्यू तरंग ही एका जागेच्या अनुपस्थितीची खूण असल्याने जेथे सगळीकडेच थोडेथोडे गेले आहे तेथे ती उमटत नाही, आणि दीर्घकालीन रक्तक्षयाने मोठे झालेले हृदय आलेखावर भरपूर उंचीचे तरंग देत राहते. अशा तरुण रुग्णाच्या आलेखाला ‘वण नाही’ असे लिहिणे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आणि वैद्यकीयदृष्ट्या दिशाभूल करणारे असते. दुसरा प्रसंग नेमका उलट आहे. लाल विंचवाच्या दंशानंतर, ज्याच्या प्राझोसिनवरील उपचारासाठी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर प्रसिद्ध आहेत, हृदयस्नायूला तात्पुरता धक्का बसतो आणि आलेख झटक्यासारखा दिसू शकतो. परंतु जगलेल्या रुग्णात तो सहसा काही दिवसांत पूर्ववत होतो. पेशी मेलेल्या नसून बधिर झालेल्या असतात, आणि त्या पहिल्या पट्टीवरून वण ठरवणारा आठवड्याने अडचणीत येतो.

आता संगणकाला लाखो आलेख दाखवून वण ओळखायला शिकवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या हातात मावणाऱ्या टेलि-ईसीजीसारख्या उपकरणांमुळे दूरच्या आरोग्य केंद्रातील बारा जोडण्यांचा आलेख मोबाइलवरून तज्ज्ञापर्यंत पोचणे अवघड राहिलेले नाही. या प्रयत्नांबद्दल वर्ध्यातील वाचकाला आशा वाटावी असे बरेच आहे. डोळ्याला न दिसणारी आकृती यंत्राला दिसू शकते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. प्रश्न शिकवणीच्या सामग्रीचा आहे. १५० हर्ट्झच्या नोंदींवर शिकलेल्या प्रणालीला ३५ हर्ट्झची गाळलेली पट्टी दिली तर ती निःशंकपणे चुकेल. आणि गाळलेल्या पट्ट्यांवरच शिकवली तर कोणत्या रुग्णालयात कोणती कळ दाबली जाते हेच ती शिकून बसेल, कारण जेथे गंभीर रुग्ण जातात तेथली यंत्रे आणि खेड्यातली यंत्रे वेगळी असतात. प्रत्येक नोंदीसोबत गाळणीची मर्यादा, यंत्राचा प्रकार आणि रुग्णाचा जुना आलेख साठवला जाणे हे प्रणालीच्या हुशारीपेक्षा अधिक निकडीचे आहे.

अनेक डिजिटल यंत्रांत संकेत मुळात पूर्ण पट्ट्यात, सेकंदाला ५०० किंवा त्याहून अधिक वेळा मोजून साठवला जातो आणि गाळणी केवळ छापताना लागू होते. अशा यंत्रावर रुग्ण घरी गेल्यानंतरही तीच नोंद १५० हर्ट्झला पुन्हा छापता येते, आणि एखाद्या संशयास्पद तुळतुळीत पट्टीबाबत वाचकाने तंत्रज्ञाला प्रथम हेच सांगावे. मात्र यंत्राच्या स्मृतीत ठरावीक संख्येच्याच नोंदी मावतात आणि नव्या नोंदी जुन्यांच्या जागी लिहिल्या जात असतील, तर गजबजलेल्या ओपीडीत त्यासाठी मिळणारी मुदत फार थोडी असते.